एकाच माणसाच्या तीन कॅसेट

सर, तिने मला पाठवलेली पत्रं तुम्ही वाचत होता का? हे आधी विचारून टाकतो. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, आता उत्तर येणार नाही हे मला कळतं. पण तुम्ही समोर होता तेव्हा मी विचारलं नव्हतं, सरळ आरोप केला होता. विचारायचं राहूनच गेलं. तिने तिचं उत्तर दिलंय, पण मला तुमचं हवंय. आज गुरुवार, उद्या सुट्टी, म्हणून दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमधलं आमचं गोडाउन दीडला बंद झालं. 'यल्ला, खलास', चला, संपलं, म्हणून सुपरवायझर गाडी काढून गेलासुद्धा. डिस्पॅचच्या खोलीत मी एकटा उरलोय आणि डिलिव्हरी नोटच्या पाठकोऱ्या कागदांवर हे लिहितोय. लिहून झालं की टाकायला पेटी नाही, याची उलट जरा मदतच होते आहे.

तुमची ती विद्यार्थिनी, जिला तुम्ही कधी नावाने हाक मारली नाहीत, नुसतं 'बाय' म्हणायचात, ती गेल्या शुक्रवारी मला भेटली. दुबईत मनखूलमध्ये एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. तिचे बाबा लांब रुवैसला रिफायनरीत गेल्यापासून ते सगळे तिकडेच असतात, म्हणून ती येईल असं मला वाटलं नव्हतं. आली तरी बघून न बघितल्यासारखं करेल असं वाटलं होतं. ती थेट समोर आली, हातात शिऱ्याचा द्रोण. "अजून कपाळाला आठ्या घालूनच उभा राहतोस का रे?" म्हणाली. पूर्वी ही इतकं पटकन बोलायची नाही. आता शाळेत शिकवते, भराभर बोलते, हसते, मध्येच 'ॲक्च्युअली' म्हणते. मी बघत राहिलो, ही तीच का? जाताना तिने सांगितलं, पुढच्या शुक्रवारी रुवैसला घरी ये, आईबाबांसमोर बस आणि काय ते बोल. नाही आलास तर पुण्याचं एक स्थळ आहे, त्यांना ती होकार कळवणार आहे. तो शुक्रवार म्हणजे उद्या. इतकं सरळ आहे, आणि मला त्यातलं काहीच सरळ वाटत नाही. सहा वर्षं गप्प राहिलेली मुलगी एकाएकी बोलवते ती प्रेमाने की कुठली तरी परतफेड म्हणून, हे मला कळत नाहीये. असलं काही कळेनासं झालं की मी तुमच्याकडे यायचो, म्हणून तुम्हाला लिहितोय.

मी संशयी आहे हे मला पहिल्यांदा तुम्हीच सांगितलंत. मी चौदा वर्षांचा होतो. बिल्डिंगमधला प्रत्येक मुलगा काहीतरी शिकत होता म्हणून आईने मला तुमच्याकडे पियानोला घातलं. खाली सुपरमार्केट, वर तुमचा फ्लॅट, दार उघडलं की सुक्या बोंबलाचा आणि लाकडाच्या पॉलिशचा मिळून एक वास. तुम्ही दिवसभर वाद्यांच्या दुकानात, हॉटेलांच्या लॉबीतले पियानो सुरात लावायला जायचात आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायचात. तुम्ही वसईचे. येशूच्या फोटोखाली बसून तुम्ही आईशी मराठीत बोललात तेव्हा ती चाटच पडली. "ख्रिश्चन असून मराठी किती छान बोलता हो," ती म्हणाली. "बाई, आमच्यात देवाशीसुद्धा मराठीतच भांडतात," तुम्ही म्हणालात. आई महिनाभर हे सगळ्यांना सांगत होती. आणि मला तुम्ही दोन सूर वाजवून दाखवलेत, कुठला वरचा ते सांग म्हणालात, तर मी विचारलं, "यात काहीतरी ट्रिक आहे ना?" तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत. "पोरा, तू कान द्यायच्या आधी पोलीस पाठवतोस."

कॅसेटींचा दिवस जूनमधला. परीक्षेच्या बॅचला आम्ही दोघंच, ती आणि मी. तुम्ही खिडकीतला एसी बंद केलात. तो चालू असला की त्याच्या घरघरीत खालचे सूर बुडतात, असं तुम्ही म्हणायचात, आणि दुबईच्या जूनमध्ये ऐकण्याची तयारी म्हणजे आधी घामाची तयारी. तीन कॅसेट काढल्यात. लेबलं खरवडून टाकलेली. एकेक दहा मिनिटं ऐका, तुम्ही म्हणालात, आणि सांगा, किती माणसांनी लिहिलंय हे. पहिली म्हणजे डेरा बाजारातल्या अत्तराच्या दुकानात शिरल्यासारखी. वाद्यं किती ते मोजता येईना, एक रंग अंगावर येऊन उतरायच्या आत दुसरा, परीकथेतले पक्षी आणि राक्षस असावेत असं. दुसरी लावलीत आणि मी दचकलो. तेव्हा आमच्या बर दुबई भागात जिकडेतिकडे पाया खणत होते, जमिनीत खांब ठोकायचं मशीन दिवसभर चालायचं. हे तसंच ठोकणं होतं, पण मशीन निदान ठराविक वेळाने ठोकतं. इथे पाच, मग दोन, मग तीन, पुन्हा दोन. मी पायाने ताल धरायला गेलो आणि पाय हवेतच राहिला. आणि तिसरी कॅसेट म्हणजे कुणीतरी घरातलं सगळं सामान बाहेर काढून फरशी पुसून ठेवलेली. मोजून सात-आठ फुंकायची वाद्यं. कुठे गहिवर नाही, धक्का नाही, दोनशे वर्षांपूर्वीच्या दरबारातल्या चाली कडक इस्त्री करून टांगल्यासारख्या.

"किती?" तुम्ही विचारलंत.

"तीन," मी म्हणालो. याच्यात शंकेला जागाच नव्हती.

"बाय?"

ती वहीने वारा घेत होती. "वन," म्हणाली, आणि तुम्ही डोळे वटारलेत तसं मराठीत, "एकच आहे, सर. तिन्हीकडे तो निरोप घेत नाही. बोलता बोलता उठून जातो."

तुम्ही उठून एसी चालू केलात. तुमचं बक्षीस ते. मग सांगितलंत, हा रशियन, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, पॅरिसमध्ये नाव काढलेला. पंधरा वर्षांच्या आत हे सगळं त्याचंच. मला वाटलं कुणीतरी माझ्या खिशात हात घातला. "मग तो खोटारडा आहे," मी म्हणालो.

"का रे बाबा?"

"माणसाने एक काय ते ठरवावं ना. आज हे, उद्या ते. लोकांना आवडेल ते विकत असणार."

"लोकांना आवडलं तेच तर त्याने सोडलं. पहिल्याचं कौतुक झालं तर दुसरं लिहिलं. दुसऱ्याला शिव्या पडल्या, पण पुढे त्याचंही कौतुक व्हायला लागलं, तर हा तिसऱ्याकडे. ज्याला विकायचंय तो असं करतो?"

"मग हट्टी असेल."

तिला हसू आलं, तुम्हाला नाही. तुम्ही युद्धाचं सांगितलंत. महायुद्ध आलं, देश सुटला, शंभर वादकांचा ताफा आणायचा कुठून? सात माणसं मिळाली, त्याने सातांसाठी लिहिलं. "आपण नाही इकडे येऊन दोन खोल्यांत मावेल तेवढाच संसार करत? म्हणून गावचं घर खोटं होतं का?" मला पटलं नाही. मी म्हणालो, युद्ध संपलं, मोठे ऑर्केस्ट्रा परत मिळाले, तरी तो मागे गेला नाही ना? मग अडचणीचं निमित्त किती दिवस पुरणार? तुम्ही कॅसेट डबीत घातलीत. मग म्हणालात, "ते मलाही पुरतं कळलेलं नाही." तुमच्यावर त्या दिवशी माझा विश्वास बसला असेल तर त्या एका वाक्यामुळे. पण लगेच तुम्ही तिसऱ्या प्रकारातलं एक पान माझ्यासमोर ठेवलंत. दोन ओळी, शाळेतलं पोर वाजवेल इतक्या सोप्या. वाजव म्हणालात. मी वाजवलं आणि प्रत्येक चूक खोलीभर उघडी पडली. तुम्ही पियानोचं झाकण लावलंत, हळू, माझी बोटं काढायला वेळ देऊन. "पहिल्यात तुझ्या दहा चुका लपतील. दुसऱ्यात लोकांना वाटेल चूकच लिहिलीय. इथे एक लपत नाही. खोटं बोलायचं असेल त्याने इथे येऊ नये." बाकीचं सगळं विसरलो, पण ते झाकण विसरलो नाही. तेव्हा मला वाटलं, सर तिच्यासमोर मुद्दाम माझा पाणउतारा करतायत.

आणि तरी त्याच माणसाने आम्हाला एका बाकावर बसवलं. त्या ठोकाठोकीच्या संगीताची चार हातांनी वाजवायची एक प्रत तुमच्याकडे होती, कडा पिवळ्या पडलेली. खालची बाजू माझी, वरची तिची. पाच, दोन, तीन, दोन. एका ठिकाणी माझा उजवा हात आणि तिचा डावा एकाच जागेवर यायचे आणि कोपरावर कोपर आदळायचं. "सॉरी," ती म्हणायची. मी काहीच म्हणायचो नाही, कारण पुढच्या वेळी ते परत येणार हे मला ठाऊक असायचं. तुम्हाला कळत होतं, सर? मला अजून शंका आहे की कळत होतं, कारण वर्षभर तुम्ही आमच्या जागा एकदाही बदलल्या नाहीत.

पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा तुम्ही मला ते तिन्ही एका कॅसेटवर उतरवून दिलंत. आमच्या दोघांचं काय ठरलंय हे तुम्हाला एव्हाना तिने सांगितलं होतं. इथे दारावर पोस्टमन येत नाही हे होस्टेलवर कुणाला पटायचं नाही. सगळं टपाल ऑफिसच्या पीओ बॉक्सला, आणि तिचा बॉक्स म्हणजे तिच्या बाबांचं ऑफिस. म्हणून मी तुमच्या दुकानाच्या बॉक्सवर लिहायचो. "हे एवढं एक करतो," तुम्ही म्हणाला होता, "पण मला पोस्टमास्तर समजू नकोस." ती सुरुवातीला स्वतः पोस्टात टाकायची. दहा-दहा पानं, काय घातलं, काय स्वप्न पडलं, माझ्या कोपराबद्दलसुद्धा दीड पान. मी ती पत्रं पाठ केली होती. मग माझं एक पत्र तिच्या बाबांच्या हाती लागलं. तिचं घराबाहेर एकटं जाणं बंद झालं, फक्त तुमचा क्लास उरला. त्या दिवसांतली पत्रं म्हणजे नुसते फटके. 'लिहू नकोस.' दुसऱ्या दिवशीच्या पत्रात, 'का लिहिलं नाहीस?' अर्धं इंग्रजी, अर्धं खोडलेलं. आणि त्यानंतर अचानक ती चार ओळींची पत्रं यायला लागली. स्टँप भारतातला, शिक्का वसईचा. प्रिय नाही, तुझीच नाही, रागसुद्धा नाही. 'एसीचं पाणी गळतंय. बालदी ठेवली. चारदा ओतली. अजून तीन महिने.' बास. असं पत्र कुणी दुसऱ्याच्या हातात द्यायलाही लाजेल.

आणि पाकीट. इकडच्या, दुबईच्या पाकिटाला कडेला जो गोंद असतो तो तसाच कोरडा, आणि त्याच्यावरून भारतातल्या पोस्टातला तो तपकिरी चिकट डिंक फासलेला. म्हणजे कुणीतरी उघडून परत चिकटवलं. मी पत्रं टेबलावर ओळीने मांडली, आधीची, मधली, आताची, आणि रूममेटला म्हणालो, "बघ, ही तीन वेगळ्या पोरींची वाटतात की नाही?" तो म्हणाला, "अक्षर तर एकच आहे, भावा." मी म्हणालो, अक्षर एकच आहे, पण सांगणारा दुसरा आहे. कोणीतरी हिच्या शेजारी बसून लिहून घेतंय. आणि हे तीन महिने कसले मोजतेय? पुढच्या पत्रात दोन, त्याच्या पुढच्यात एक. मला एकच गोष्ट सुचली, तिचा साखरपुडा. खरं तर ते महिने माझेच होते. बाहेर शिकणाऱ्या पोराने सहा महिन्यांच्या आत एकदा येऊन पासपोर्टवर शिक्का मारून घेतला नाही तर त्याचा रेसिडेन्स व्हिसा जातो. ती माझ्या येण्याचे महिने मोजत होती. पण माझं ते सगळं बाबांच्या कंपनीचा व्हिसाची कामं करणारा पीआरओ सांभाळायचा, तिकीट आलं की मी विमानात बसायचो. माझ्या सहा महिन्यांचा हिशोब माझ्या डोक्यातच नव्हता, तिच्या होता.

तिकीट आलं तसा मी आलो. बॅग घरात टाकली आणि आई "अरे, दोन घास तरी खा" म्हणत असताना तुमच्याकडे चालत आलो. दुपारचे चार. तुम्ही दार उघडलंत, लुंगी आणि बनियन, तुमचा चेहरा खुलला. "आलास? सांगितलं नाहीस ते?" आणि मी तुमच्या खांद्यावरून पियानोकडे बघतोय. झाकणावर पाकीट. त्याच्यावर माझं नाव, तिचं अक्षर. पाकीट उघडं.

"तुम्ही वाचता," मी म्हणालो.

"आत ये आधी."

"आमची पत्रं तुम्ही उघडून वाचता!"

"पाकीट उघडंच असतं, पोरा. गावाला जाणारा माणूस नेतो. तो बंद पाकीट घेत नाही. एअरपोर्टवर कुणी विचारलं तर त्याला उघडून दाखवता यायला हवं. मीसुद्धा तिला म्हटलं, बंद करून मी काही नेऊ देणार नाही. तिच्या बापाने उद्या मला विचारलं तर मला मान वर करून सांगता यायला हवं. तिकडे पोचलं की तो डिंक लावतो आणि टाकतो."

हे सगळं तुम्ही त्याच दिवशी सांगितलंत, अगदी असंच, शब्द न शब्द. गल्फमधल्या प्रत्येक घरातून चिवड्याचं पाकीट आणि पत्र असंच उघडं जातं, माझी आईसुद्धा तसंच पाठवायची. मला माहीत होतं. पण ऐकायचं नाही असं ठरवलं की माहीत असलेलंही ऐकू येत नाही. मी म्हणालो, "तुम्हाला स्वतःचं कुणी नाही, म्हणून लोकांची पत्रं वाचत बसता." तुमच्या बायकोचा फोटो तिथेच होता, सर, माझ्यासमोर. मी तो बघितला आणि तरी म्हणालो. तुम्ही रागावला नाहीत. दाराची कडी धरून उभे राहिलात आणि म्हणालात, "जा घरी. आईने जेवण ठेवलं असेल." त्या संध्याकाळी मी तिला फोन केला, उचलला तिनेच. मी म्हणालो, खलास, आणि ठेवला. पुण्याला परत गेलो नाही. चार महिन्यांनी आईने फोनवर कुणाशी तरी बोलताना तुमचं नाव घेतलं आणि तोंडावर हात ठेवला. दुपारी झोपलात ते उठलाच नाहीत. तुम्हाला वसईला नेलं. इथे चर्चमध्ये प्रार्थना होती, आई गेली, आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये गेली. मी तेव्हा नुकताच या गोडाउनला लागलो होतो. कंटेनर आलाय म्हणून सांगितलं. कंटेनर आला नव्हता.

आता गेल्या शुक्रवारचं. सत्यनारायणाच्या घरी स्वयंपाकघरात ती पुऱ्यांची परात घेऊन उभी, मी पाणी प्यायला गेलो. बाहेर आरती चालू होती. मी सहा वर्षं जे कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं, "सर वाचायचे ना?"

"नाही," ती म्हणाली. "मीच वाचून दाखवायचे."

मी ग्लास ठेवला. ती सांगत होती. पत्र उघडं जाणार, नेणारा कोण कुठला, त्याने वाचलं तर? म्हणून क्लासच्या वेळात ती तुमच्यासमोर बसून लिहायची आणि मोठ्याने वाचायची. तुम्ही म्हणायचात, हे वाक्य दोनदा आलंय, एक काढ. रडणं काढ, त्याला कळेल. एसीचं पाणी राहू दे. बालदी किती वेळा ओतली ते घाल. "मी एकदा भांडले," ती म्हणाली, "म्हटलं सर, मग यात माझं काय उरलं? तर म्हणाले, बाय, काढून काढून जे काढता येत नाही तेच तुझं." आणि महिने? "महिने माझे. ते काढा म्हणाले नाहीत कधी." मग तिने परात माझ्या हातात दिली. "तुला ते ट्रॅफिक पोलिसाच्या रिपोर्टसारखं वाटलं ना? मला माहितेय. ॲक्च्युअली माझंच चुकलं."

मी घरी येऊन ती पत्रं काढली. ठेवली आहेत, जाळायला धीर झाला नव्हता. या वेळी मांडली नाहीत, एकामागून एक नुसती वाचली. दहा पानांचं असो की चार ओळींचं, एकातही ती सुरुवात करत नाही. मध्येच कुठूनतरी बोलायला लागते, जसा मी शेजारच्या बाकावरच आहे. मला हे तेव्हा दिसलं नाही. मी डिंक बघत होतो. तुम्ही कॅसेटींची लेबलं खरवडलीत ती याच्यासाठी होती का, असंही मनात आलं. लगेच वाटलं, नाही, एवढं जुळून येतंय म्हणजे मीच जुळवतोय. तुम्हाला नुसती कानाची परीक्षा घ्यायची असेल. आणि एका गोष्टीत माझं बरोबरच होतं, सर, ते तरी कबूल करा. पत्रांत दुसरं कुणीतरी होतं. तुम्ही होता. ती चार ओळींची पत्रं अर्धी तुमची आहेत. मला राग यायला हवा, येतोही थोडा. कुणाला न विचारता तुम्ही तिचं रडणं काढून टाकलंत आणि मला कळेल असं धरून चाललात. मला नाही कळलं. माझ्याबद्दल इतकी खात्री तुम्हाला कुणी दिली होती?

पण उद्याचं वेगळं आहे. त्या स्वयंपाकघरातून निघताना ती जे म्हणाली ते अजून लिहिलं नाही. ती म्हणाली, "तुझं कॉलेज माझ्यामुळे गेलं. ते सहा वर्षं माझ्या डोक्यावर आहे. त्या पत्रांत मी एक ओळ जास्त लिहिली असती तर तू आज इंजिनिअर असतास." डोळ्यांत पाणी नव्हतं, अगदी शिक्षिकेसारखं सांगितलं. आणि त्यानंतर मग रुवैसचं बोलावणं. म्हणून मला तिचा संशय येतोय. तिच्यामुळे माझं कॉलेज सुटलं हे सगळ्यांनाच माहीत आहे, आमच्या बिल्डिंगमध्ये, तिच्या घरी, इथे गोडाउनमध्येसुद्धा. रत्नागिरीचा एक फोरमन आहे, तो नव्या माणसाला माझी ओळखच अशी करून देतो, "हा बघ, पोरीपायी इंजिनिअरिंगवर लाथ मारलीन." नवा माणूस माझ्याकडे आदराने बघतो. बाबा दोन वर्षं बोलले नाहीत, पण तेसुद्धा पाहुण्यांना हेच सांगतात, जरा मान हलवून, जणू घराण्यात असलं वेड आहेच. मला ते बरं वाटत आलंय.

सर, तसं नाही झालं. पहिल्याच वर्षी मी आपटलो होतो. चार विषय. वर्ष गेलं, वायडी म्हणतात तिकडे. जून लागला तेव्हा माझ्या वर्गातली मुलं पुढच्या वर्षाला बसली आणि मला बसायला वर्गच नव्हता, नुसते राहिलेले पेपर द्यायचे. मी कुणाला सांगितलं नाही. बाबांना मार्कशीट यायची आहे म्हणत राहिलो आणि तिला दुसऱ्या वर्षाच्या वर्कशॉपबद्दल लिहिलं, लेथ मशीनबद्दल, एका विक्षिप्त प्रोफेसरबद्दल, जो नव्हताच. लांब लांब पत्रं, चांगली जमलेली. त्या जूनपासूनची माझी सगळी पत्रं तुमच्या दुकानाच्या बॉक्सला आली आणि तुम्ही ती न उघडता तिला दिलीत. तुमच्याकडे मी चालत आलो तेव्हा माझ्याकडे परत जायला काहीच नव्हतं. ते पाकीट उघडं दिसलं आणि मला आधी सुटल्यासारखं वाटलं. राग नंतर आणला.

उद्या सहाला अबुधाबीची शेअर टॅक्सी, तिथून रुवैसची बस. शर्ट इस्त्रीला दिलाय. तिच्या आईबाबांसमोर बसायच्या आधी तिला बाजूला घेऊन हे सांगायला हवं, नाहीतर ती जे देतेय ते मी फसवून घेतलं असं होईल. सांगितल्यावर तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, आणि त्या ओझ्यासाठीच ती बोलवत असेल तर मीही तिच्या मनातून उतरेन. मघापासून वाक्यं जुळवतोय. पहिलं फार लांब झालं, दुसऱ्यात मी तिलाच दोष दिला. 'मी नापास झालो होतो, तुझ्या त्या चार ओळींच्या आधीच' एवढंच राहिलंय, आणि ते मोठ्याने म्हणून बघितलं तर या रिकाम्या खोलीतसुद्धा पुरतं म्हणवत नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगतोय ते तुम्ही नाही आहात म्हणून.